महाकालीवर जायचंय, पण मित्राला कयाक जमत नाही

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो. आम्ही सात मित्र, सगळे ४५ च्या आगेमागे. रबाळे एमआयडीसीत एकेकाळी एकत्र काम केलं, आता नोकऱ्या वेगळ्या झाल्या तरी सह्याद्रीतली भटकंती चालू आहे. यंदा जरा मोठं धाडस करायचं ठरलं: नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तराखंडात महाकाली नदीवर जौलजीबी ते टनकपूर, चार दिवस कयाकने, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या निमुळत्या नावेने. रात्री काठावर तंबू. बरोबर गाइड आहेत, सामान राफ्टवरून, म्हणजे हवा भरलेल्या मोठ्या रबरी नावेतून येईल. तयारी म्हणून कोलाडला कुंडलिकेवर दोन शिबिरं केली. सगळ्यांना बरं जमतं, एकाला सोडून.

हा मित्र कळव्याला राहतो. गावाकडे विहिरीत पोहायला शिकलेला, त्यामुळे पाण्याची भीती नाही असं तो म्हणतो. पण दुसऱ्या शिबिरात त्याची कयाक उलटली तेव्हा त्याला स्प्रे स्कर्ट, म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती घालून कयाकच्या तोंडाला बसवतात ते आवरण, सोडवताच आला नाही. प्रशिक्षकाने ओढून बाहेर काढलं. थरथरत होता, पण अर्ध्या तासाने स्वतःच हसण्यावारी नेलं. गेल्या वर्षी वहिनी गेल्या. ऑक्टोबरमध्ये वर्षश्राद्ध आहे. त्यांच्यामागे कुठल्याही गोष्टीला त्याने आपणहून 'येतो' म्हटलं असेल तर ते या मोहिमेला. मुलगी कॉलेजात आहे. ॲडव्हान्स भरून झालाय. दोघं मित्र म्हणतात, "त्याला आत्ताच नाही सांग." बाकीचे म्हणतात, "गाइड आहेत ना, घेतील सांभाळून." ठरवलं मी, बुकिंग मी केलं, म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. त्याला कसं सांगू? की सांगूच नको? आणि तोवर ऐरोलीच्या खाडीत त्याचा थोडा सराव करून घेतला तर चालेल का?

उत्तर

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मित्राला मोहिमेतून वगळू नका. कयाकमधून मात्र या वेळी उतरवा. आणि ते करण्याआधी, कोलाडला त्याची जी परीक्षा अचानक झाली तीच उरलेल्या सहा जणांची घ्या, तुमच्यासकट. माझा अंदाज आहे की त्यानंतर राफ्टवर बसणारा तो एकटा नसेल.

पत्रातली एक गोष्ट मला खटकली. मित्र कसा उलटला, कसा घाबरला, कुणी बाहेर काढलं, हे तुम्ही बारकाईने लिहिलंत. बाकीच्यांबद्दल मात्र 'बरं जमतं' एवढंच. त्यांच्यातलं कोण उलटलं? उलटल्यावर स्कर्ट सोडवून आपला आपण कोण बाहेर आला? कयाकमध्ये बसल्या बसल्या पॅडलच्या जोरावर पुन्हा सरळ व्हायचं, म्हणजे रोल, तो वाहत्या पाण्यात किती जणांना साधतो? दोन शिबिरांत जो उलटलाच नाही त्याला कयाक येते असं मी म्हणणार नाही. त्याची परीक्षा अजून व्हायचीय. तुमच्या मित्राची झाली, चांगल्या माणसांच्या देखरेखीखाली झाली, आणि सगळ्यांना वेळेत कळलं. हे मोहिमेचं नशीबच समजा.

आता नदीबद्दल. कुंडलिकेचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटतं, त्या वेळेत लोक उतरतात आणि दुपारी घरच्या वाटेला लागतात. काही बिनसलं तर गाडी आणि रस्ता फार दूर नसतो. महाकालीवर हे गृहीत धरता येत नाही. जौलजीबीला गोरीगंगा मिळते, ती मिलम हिमनदीतून निघालेली. पुढे पंचेश्वरला सरयू येते आणि पात्र भारदस्त होतं. खाली चुका गावापाशी लधिया मिळते. १९३८ साली जिम कॉर्बेट यांनी ठाक गावची नरभक्षक वाघीण मारली ती याच डोंगरांत. उजवा काठ भारताचा, डावा नेपाळचा. मधल्या मोठ्या पट्ट्यात काठाला रस्ता लागत नाही, नुसतं जंगल, वाळूचे पुळण आणि क्वचित एखादं गाव. लोक चार दिवस खर्चून जातात ते याचसाठी, आणि जावंच अशी ती नदी आहे. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी म्हणालं की 'मला आता पुरे', तर त्याला घरी पाठवायला तिथे वाट नसते. त्यालाही पुढेच जावं लागतं, आणि त्याच्यामुळे सगळ्यांना.

पाण्याच्या अवघडपणाच्या पहिली ते सहावी अशा श्रेण्या मानतात. कुंडलिका साधारण दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत मोडते. महाकालीवर तिसऱ्या श्रेणीचे रॅपिड, म्हणजे दगडांवरून खळाळत उतरणाऱ्या पाण्याचे टप्पे, बरेच आहेत आणि काही चौथ्याला टेकणारे. आकड्यात फरक एकाचाच दिसतो. प्रत्यक्षात तिसऱ्या श्रेणीत चूक झाली तर बहुतेकदा भिजण्यावर भागतं, चौथ्या श्रेणीत तीच चूक निस्तरायला दुसऱ्या कुणाला तरी यावं लागतं.

तुमचा मित्र विहिरीत शिकला हे ऐकून मला बरं वाटलं. विहिरीत शिकलेल्या माणसाला खोल पाण्याचं दडपण नसतं, आणि ते पुढे फार कामी येतं. पण विहिरीचं पाणी जागच्या जागी असतं. दमलं की चार हात मारले, कपार हाताला लागली. वाहत्या नदीत काठ दिसतो पण हाताला लागत नाही. आणि पाय टेकतील असं वाटलं की माणूस उभा राहायला जातो, तिथेच घात होतो. दगडांच्या फटीत पाऊल अडकतं आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवून खाली दाबतं. मग पाणी कमरेइतकं का असेना. म्हणून नदीत पडलेल्याने उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्यावर, आणि हात मारत काठालगतच्या संथ पाण्याकडे सरकायचं. उभं राहायचं ते पाणी गुडघ्याखाली आणि थांबलेलं असेल तरच. लहानपणापासून पोहणाऱ्यालाही हे नव्याने शिकावं लागतं, किंबहुना त्याला जास्तच, कारण त्याच्या अंगात दुसरी सवय मुरलेली असते.

वर थंडी. नोव्हेंबरात पावसाळ्याचा गढूळपणा जाऊन नदी नितळ झालेली असते, पण पाणी हिमालयातलं. अशा पाण्यात अचानक पडलं की छाती आपोआप मोठा श्वास ओढते. तो रोखणं आपल्या हाती नसतं. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर काय होईल हे वेगळं सांगायला नको. कोलाडच्या कोमट पाण्यात ज्याचा हात स्कर्टच्या दोरीपर्यंत पोचला नाही, त्याचा तिथे पोचेल या भरवशावर मी कुणालाही सोडणार नाही. यात त्याची लाज काढण्यासारखं काही नाही. उलटं लटकलेला माणूस हात पाण्याबाहेर काढू बघतो, शरीराची ती ओढच आहे. ती मोडते फक्त घटवून घटवून.

म्हणून परीक्षा. ऑक्टोबरात दोन शनिवार-रविवार मोकळे ठेवा आणि शिबिर घेणाऱ्यांना सांगा की या वेळी आम्हाला फिरवू नका, उलटवा. आधी संथ पाण्यात: मुद्दाम उलटायचं, पुढे वाकायचं, कयाकच्या बुडावर दोन्ही हातांनी तीनदा थाप मारायची, मग स्कर्टची दोरी पुढे आणि बाहेर ओढायची आणि हातांनी रेटा देऊन बाहेर यायचं. थाप मारण्याने घाईला लगाम बसतो. सलग दहा वेळा, श्वास न फुलता. मग तेच प्रवाहात. मग कयाक सोडून नुसतं लाइफ जॅकेटवर रॅपिडच्या शेपटीतून वाहत जाऊन संथ पाण्यात शिरणं, काठावरून फेकलेली दोरी झेलणं, आणि दुसऱ्याला दोरी फेकणं. सगळ्यात शेवटी रोल. लाइफ जॅकेट घट्ट आहे का ते दर वेळी दुसऱ्याने खांद्याचे पट्टे वर ओढून बघायचं. जॅकेट हनुवटीला लागलं तर ते ढिलं आहे. प्रवाहात दहातले आठ रोल ज्याचे बसतात त्यानेच महाकालीच्या मोठ्या पाण्यात बंद कयाक घालावी, असं माझं ठाम मत आहे. बाकीच्यांनी संथ पट्ट्यात कयाक चालवावी, मोठा रॅपिड आला की राफ्टवर यावं, आणि अखेरचा शब्द गाइडचा मानावा. एका मोसमात दोन शिबिरं केलेल्या सात जणांपैकी कितींचे आठ बसतील? दोघांचे बसले तरी मला आनंद होईल.

आणि इथेच तुमच्या पेचाची गाठ सुटते. आज तुम्ही त्याला बाजूला घेऊन 'तू नको' म्हणालात तर तो निकाल एका माणसाचा, आणि तोही ज्याचं वर्ष आधीच जड गेलंय त्याचा. सगळ्यांची एकच कसोटी झाली की आपण कुठे उभे आहोत ते प्रत्येकाला पाण्यातच कळतं. 'त्याला नाही सांग' म्हणणाऱ्या त्या दोघांनाही पहिल्याच रविवारी बोलवा, आणि त्यांना आधी उलटवा.

खाडीतला सराव मात्र नको. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. तिथे परवानगीशिवाय बोट घालणं योग्य नाही, आणि नोव्हेंबरपासून पक्षी यायला लागतात. शिवाय ओहोटीला तिथला चिखल माणसाला गुडघ्यापर्यंत गिळतो, हे दिवाळ्याचे किंवा विटाव्याचे कोळी तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. आणि ज्यासाठी सराव करायचा ते तिथे मिळणारही नाही. खाडीचं पाणी सहा तासांनी मागे फिरतं. नदीचं फिरत नाही.

आता त्याच्याशी बोलण्याबद्दल. परीक्षेची वाट न बघता बोला, याच आठवड्यात, आणि समोरासमोर. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नाही, फोनवर नाही, इतरांसमोर तर नाहीच. संध्याकाळी त्याला ठाण्यात तलावपाळीला, तळ्याकाठी बोलवा. एक फेरी मारताना बोलणं सोपं जातं, टेबलाशी बसून जड होतं. आढेवेढे न घेता पहिल्या दोन-चार वाक्यांत मुद्द्यावर या. असं काही म्हणता येईल: "कोलाडला तू उलटलास तेव्हा मी घाबरलो होतो. तू हसलास म्हणून मीही हसलो, पण ते माझ्या मनातून गेलेलं नाही. महाकालीवर तू हवासच. पण या खेपेला तू कयाकमध्ये नसावंस असं मला वाटतं. ऑक्टोबरात आपण सगळेच परीक्षा देतोय, मीही. ज्यांना जमणार नाही ते राफ्टवर." एवढं बोलून गप्प राहा. तो रागावेल, किंवा 'बरं' म्हणून विषय बदलेल. दोन्ही चालेल. लगेच समजूत घालायला जाऊ नका.

एक वाक्य मात्र तोंडावर आलं तरी गिळा: "तुझ्या मुलीला आता तूच आहेस." ते खरं आहे, आणि त्याला ते रोज रात्री आठवत असणार. वाद जिंकायला ते वापरलंत तर तो गप्प बसेल, पण तुमच्यापासून दूर जाईल. मुलीशी मात्र त्याने स्वतः बोलायला हवं: कुठली नदी, किती दिवस, फोन कधी लागणार नाही, अडचण आली तर तिने कुणाला फोन करायचा. हे त्याच्याकडून करून घ्या. घरी एकटी राहणाऱ्या मुलीला चार दिवस बापाचा फोन लागला नाही तर तिच्या जिवाचं काय होईल, याचा विचार निघण्याआधी करायचा असतो.

राफ्ट म्हणजे सामानाची गाडी आणि त्याला तिच्यावर टाकायचं, असं तुमच्या मनातही येऊ देऊ नका. तसं असेल तर ते त्याला पहिल्या तासात कळेल. लांबच्या मोहिमेत राफ्ट हाच सगळ्यांचा आधार असतो. तंबू, शिधा, प्रथमोपचाराची पेटी, कोरडे कपडे सगळं तिच्यावर, आणि कुणी पाण्यात पडलं की शेवटी ओढून घेतात ते तिच्यातच. नदी वाचणं, म्हणजे कुठे पाणी दगडावरून घसरतंय, कुठे उलटं फिरतंय, मधली जीभ, म्हणजे दगडांमधून जाणारी गुळगुळीत पाण्याची वाट, कुठून जाते, हे वल्हेवाल्याशेजारी बसून जेवढं शिकता येतं तेवढं कयाकमध्ये जीव मुठीत धरून शिकता येत नाही. त्याला दोरी फेकण्याचं काम द्या, आणि त्याचा सराव ऑक्टोबरातच करून घ्या. कुणाची कयाक उलटली तर दोरी त्याच्या हातात असेल, आणि ते काम जबाबदारीचं आहे. हेही खरं की राफ्टही उलटते. म्हणून लाइफ जॅकेटवर वाहत जाण्याची आणि दोरी झेलण्याची परीक्षा त्याला द्यावीच लागेल. तेवढीही जमली नाही तर राफ्टही नाही. यात मी सूट देणार नाही.

सातांनी मिळून एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: कुठल्याही रॅपिडपाशी कुणीही, अगदी कुशल माणूसही, 'मी चालत जातो' म्हणाला तर त्याला कारण विचारायचं नाही आणि नंतर शेकोटीपाशी तो विषय काढायचा नाही. मोठ्या रॅपिडच्या वर नावा काठाला लावून, दगडांवर चढून, पाणी डोळ्यांनी बघूनच उतरायचं असतं. त्या बघण्याच्या पाच मिनिटांत सगळ्यांचे चेहरे बोलत असतात. 'चल रे, काही होत नाही' म्हणणारा एखादा प्रत्येक टोळीत असतो, तुमच्यातही असेल. त्याच्याशी वेगळं बोला. त्या वाक्याने नदीवर जेवढा घात होतो तेवढा लाटेने होत नाही.

गाइडकडून काय विचारून घ्यायचं ते थोडक्यात. बचावासाठी सोबत किती सराईत कयाकर असतील? वाटेत बाहेर पडायच्या जागा कुठल्या? पंचेश्वरला लोहाघाटकडून रस्ता येतो; त्याआधी आणि त्यानंतर काय? नेटवर्क नसताना निरोप कसा जाईल? हौसेने परदेशी सॅटेलाइट फोन कुणाकडून मागून आणू नका, सरकारी परवानगीशिवाय तो बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि तुम्ही तर सीमेवरच्या नदीत असणार. काठावर सशस्त्र सीमा बलाच्या चौक्या आहेत, प्रत्येकाचं ओळखपत्र जलरोधक पिशवीत अंगाजवळ हवं. वर धौलीगंगेवर वीजप्रकल्प आहे, म्हणून रात्री पाणी किती वर-खाली होतं हे विचारून मगच तंबूची जागा ठरवा.

रात्रीचंही बघा. वर्षश्राद्ध होऊन जेमतेम महिना झालेला असेल. दिवसभर पाण्याच्या नादात तो बरा राहील, पण जेवणं झाली, शेकोटी विझली आणि नदीचा आवाज तेवढा उरला की त्याला वहिनी आठवतील. त्याला एकट्याचा तंबू देऊ नका. तुम्ही स्वतः त्याच्या तंबूत झोपा. बोलला तर ऐका. नाही बोलला तर मुद्दाम बोलता करू नका.

आणि समजा त्याने ठाम सांगितलं की कयाक नाही तर मी येतच नाही. तेव्हा त्याचं म्हणणं मान्य करा. मोहीम रद्द करू नका, तसं केलंत तर सहा जणांच्या हिरमोडाचं ओझं त्याच्या डोक्यावर बसेल, आणि 'ये बाबा, बघू' म्हणत ऐन वेळी कयाकमध्ये बसवूही नका. त्याचा ॲडव्हान्स परत मिळत नसेल तर सहा जणांनी वाटून घ्या, त्याला न विचारता. मग फेब्रुवारीत ऋषिकेशला जा, तुम्ही आणि तो, दोघंच. शिवपुरीच्या आसपास गंगेवर नवशिक्यांसाठी काही दिवसांचे कयाकचे वर्ग चालतात. तुम्हालाही त्याची गरज आहे, हे ऑक्टोबरात कळेलच. महाकाली पुढच्या नोव्हेंबरातही वाहती असेल.

राफ्टवर आणखी तीन-चार माणसांची जागा होईल का, हे मात्र गाइडला उद्याच विचारा. त्याचं उत्तर हाती आल्याशिवाय तलावपाळीला जाऊ नका.